गळती कुठे आहे? वर्धा जिल्ह्यातील बीपी आणि शुगरचा आढावा

वर्ध्याशी ज्यांचं नाव कायमचं जोडलं गेलं, त्या गांधीजींना उच्च रक्तदाब होता. १९३५ च्या अखेरीस मगनवाडीत असताना याच त्रासामुळे त्यांना हातातली कामं बाजूला ठेवून सक्तीची विश्रांती घ्यावी लागली. पुढे शेगावात, म्हणजे आजच्या सेवाग्रामात, राहायला गेल्यावरही दाबाने त्यांचा पिच्छा सोडला नाही. त्यांच्या १५० व्या जयंतीनिमित्त भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या नियतकालिकाने २०१९ मध्ये त्यांच्या प्रकृतीच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. २६ ऑक्टोबर १९३७ रोजीचा दाब १९४/१३०, आणि १९ फेब्रुवारी १९४० रोजीचा २२०/११०. आजचा कुठलाही डॉक्टर हे आकडे पाहून रुग्णाला उपचाराशिवाय घरी जाऊ देणार नाही. त्याच नोंदींत त्यांचं वजन आहे, ४६.७ किलो. उंचीच्या मानाने हे वजन कमीच.

रोज मैलोन्‌मैल चालणारा, तंबाखू-दारूपासून दूर, अस्वाद हे व्रत म्हणून पाळणारा हा माणूस, आणि दाब २२०. या एका उदाहरणावरून आहारविहाराला अर्थ नाही असं ठरवणं चूक होईल. वय सत्तरीला टेकलं होतं, कामाचा आणि मनावरचा भार अफाट होता, आणि रक्तदाबाचा काही भाग माणूस जन्मासोबतच घेऊन येतो. पण बीपी-शुगर म्हणजे खात्यापित्या घरच्या, पोट सुटलेल्या माणसाचं दुखणं ही जी समजूत गावोगावी घट्ट बसली आहे, ती मोडायला हे उदाहरण पुरेसं आहे. कापूस वेचणारी बाई किंवा वखर हाकणारा गडी यांना मुळी शंकाच येत नाही. ‘मले काही होत नाही, तं गोळी कायले खाऊ?’ हा प्रश्न जिल्ह्यातल्या प्रत्येक आशाताईने ऐकलेला आहे.

गांधीजींच्या काळी या प्रश्नाला उत्तरही नव्हतं, कारण खात्रीची गोळीच नव्हती. विश्रांती, मीठ तोडणं, मातीच्या पट्ट्या, यापलीकडे वैद्यकाच्या हाती फारसं काही नव्हतं. अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट १२ एप्रिल १९४५ रोजी मेंदूतल्या रक्तस्रावाने गेले, तेव्हा त्यांचा दाब ३००/१९० नोंदला गेला होता. जगातल्या सर्वांत सामर्थ्यवान माणसापाशी चोवीस तास डॉक्टर होते, आणि उपाय नव्हता. पहिल्या उपायांपैकी एक पुढे आला तो मुंबईतून. डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये सर्पगंधेच्या मुळीने रक्तदाब उतरतो हे आपल्या रुग्णांच्या नोंदींनिशी मांडलं, आणि जगाचं लक्ष या वनस्पतीकडे गेलं. १९५७ मध्ये त्यांना त्यासाठी लास्कर पुरस्कार मिळाला. आज अ‍ॅम्लोडिपिनची गोळी प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट मिळते. गांधीजींना जे मिळालं नाही ते सेलू-समुद्रपूरच्या शेतमजुराला मिळू शकतं. मग ते त्याच्या पोटात रोज जातं का, हा या लेखाचा खरा प्रश्न आहे. पण त्याआधी, आजार वाढला आहे का आणि किती, हे पाहू.

सत्तरच्या दशकात भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने देशातल्या अनेक केंद्रांवर मधुमेहाची पाहणी केली, तेव्हा शहरांत २.१ टक्के आणि खेड्यांत १.५ टक्के लोकांना मधुमेह आढळला. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘इंडियाब’ या पाहणीच्या पहिल्या टप्प्यात महाराष्ट्र होता. इथे शहरी भागात १०.९ आणि ग्रामीण भागात ६.५ टक्के प्रौढ मधुमेही निघाले. त्याच पाहणीचा देशभराचा निष्कर्ष २०२३ मध्ये आला: एकूण ११.४ टक्के, खेड्यांत ८.९, शहरांत १६.४. म्हणजे चाळीस-पन्नास वर्षांत खेड्यातलं प्रमाण पाच-सहा पटींनी वाढलं, असं सरळ म्हणता येईल का?

पूर्ण सरळ नाही. या काळात मोजायची पट्टीही बदलत गेली. उपाशीपोटी साखर १४० च्या वर गेली तरच मधुमेह, असं पूर्वी मानत. १९९७ नंतर ती रेघ १२६ वर आली. रक्तदाबाचंही तेच. जागतिक आरोग्य संघटना एके काळी १६०/९५ ची मर्यादा धरायची, पुढे १४०/९० ठरली. रेघ खाली आणली की कालचा निरोगी आज रुग्ण होतो, त्याच्या शरीरात काहीही न बदलता. रेघ खाली आणण्यात चूक नव्हती, कारण त्या पातळीपासूनच मूत्रपिंड, डोळे आणि मेंदूच्या रक्तवाहिन्यांना इजा व्हायला लागते हे एव्हाना कळलं होतं. पण जुने-नवे आकडे शेजारी मांडून ‘स्फोट’ असा शब्द वापरणाऱ्या बातम्यांनी ही गोष्ट वाचकाला सांगायला हवी.

आजचे आकडेही एकमेकांशी जुळत नाहीत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या १५ वर्षांवरील स्त्रियांपैकी २१.३ आणि पुरुषांपैकी २४ टक्के लोकांचा दाब जास्त होता किंवा ते गोळ्या घेत होते. साखरेबाबत हेच आकडे १३.५ आणि १५.६. महाराष्ट्र या सरासरीच्या आसपासच आहे. २०१७-१८ च्या राष्ट्रीय असंसर्गजन्य रोग पाहणीत रक्तदाबाचं प्रमाण २८.५ टक्के आहे आणि मधुमेहाचं ९.३. ‘इंडियाब’मध्ये रक्तदाब ३५.५ टक्क्यांवर जातो. वाचणारा गोंधळतो. पण एकीत पंधरा वर्षांची मुलं-मुलीही धरली आहेत, दुसरीत १८ ते ६९ हीच वयं, तिसरीत विशीच्या पुढचे सगळे. वयाबरोबर दाब चढतो, त्यामुळे तरुण जितके जास्त तितका आकडा खाली. साखरेचं तर तपासणंच निराळं. कुटुंब आरोग्य पाहणीतली माणसं दारात येतात तेव्हा तुम्ही जेवलेले असा की उपाशी, बोटाला टोचून साखर बघतात आणि १४० च्या वर गेली की ‘जास्त’ म्हणून लिहितात. ‘इंडियाब’ उपाशीपोटी आणि ग्लुकोज पाजून दोन तासांनी, अशी दोनदा तपासते. त्याहून मोठी तफावत जागतिक गणितांत आहे. ‘इंडियाब’ भारतात सुमारे १० कोटी मधुमेही मानते, तर २०२४ च्या अखेरीस ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या एका जागतिक अभ्यासाने २०२२ साठी २१ कोटींचा आकडा दिला. देश एकच, आकडे मात्र एकमेकांच्या दुप्पट. कारण एकाने ग्लुकोज पाजून पाहिलं, दुसऱ्याने उपाशीपोटीची साखर आणि तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी ही तपासणी, या दोहोंपैकी काहीही चढलं की मधुमेह धरला.

हे सगळं अशासाठी सांगितलं की वर्ध्यासारख्या एका जिल्ह्याचा आकडा जेव्हा कुणी बैठकीत ठणकावून सांगतं, तेव्हा त्याला तीन प्रश्न विचारावेत: कोणत्या वयाचे लोक, कितीदा मोजलं, कोणती रेघ. कुटुंब आरोग्य पाहणीच्या चौथ्या फेरीत (२०१५-१६) पहिल्यांदा दाब आणि साखर मोजली गेली, तीही पन्नाशीच्या आसपासपर्यंतच्या लोकांचीच. पाचव्या फेरीत म्हातारी माणसं आली. त्यामुळे या दोन फेऱ्यांचे जिल्हावार आकडे सरळ वजा करून वाढ काढता येत नाही, तरी ती काढली जाते.

तरीही माझं मत स्पष्ट आहे: वर्ध्यात हे आजार खरोखर वाढले आहेत आणि अजून वाढणार आहेत. त्याची पहिली खूण जनगणनेत आहे. २००१ मध्ये जिल्ह्याची लोकसंख्या १२,३६,७३६ होती, २०११ मध्ये १३,००,७७४. दहा वर्षांत अवघी पाच टक्क्यांच्या जरा वर वाढ, राज्याची सोळा असताना. जन्म कमी झाले, आणि शिकलेली पोरं नागपूर-पुण्याला गेली. गावात उरली ती आईवडिलांची पिढी. कारंजा-आष्टीकडच्या खेड्यांत दुपारी गेलात तर ओट्यावर बसलेल्यांत साठीच्या आतलं माणूस शोधावं लागतं. जो जिल्हा म्हातारा होतो, त्याचा दाब चढतो. रक्तवाहिन्यांची लवचिकता वयानुसार घटते, हे कुठल्याही आहाराने पूर्ण थांबत नाही.

दुसरी खूण ताटात आहे. इथल्या जेवणाचा कणा ज्वारी होता. संध्याकाळी भाकर, झुणका, ठेचा, वर कांदा. पुढे शेतात सोयाबीन आलं, कपाशी आणि तूर राहिली, आणि ज्वारी मागे सरत गेली. कडबा कमी, पाखरांचा त्रास, भाव नाही. रेशनवर गहू-तांदूळ स्वस्त मिळू लागले. आज अनेक घरांत पोळी आणि भात हेच रोजचं अन्न आहे आणि भाकर पाहुण्यांसाठी किंवा हौसेची झाली आहे. बदलाचा दोष मी घरच्या बाईला देणार नाही. तिने जे मिळालं ते शिजवलं. पण रोजच्या श्रमात जिरणारी ही पिष्टं, शेतीची कामं यंत्राने आणि मोटारसायकलने हलकी झाल्यावर, जिरेनाशी झाली. त्यात चहाची साखर, दुकानातले कुरकुरे आणि पामतेल. मिठाचं तर बोलायलाच नको. लोणचं, पापड, खारवलेल्या मिरच्या, ठेचा हे आपलं वैभवच आहे. २०१७-१८ च्या त्याच राष्ट्रीय पाहणीत भारतीय प्रौढ दिवसाला सरासरी ८ ग्रॅम मीठ खातो असं आढळलं. जागतिक आरोग्य संघटना ५ च्या आत राहा म्हणते.

याच वर्ध्यात नव्वद वर्षांपूर्वी ताटातल्या या बदलाविषयी बोललं गेलं होतं, हे आठवलं की वाईट वाटतं. १९३४ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचं ठाणं मगनवाडीत होतं. जे. सी. कुमारप्पा आणि त्यांचे सहकारी तिथे हातसडीचा तांदूळ, घाणीचं तेल, गूळ यांच्या बाजूने आणि गिरणीच्या पांढऱ्या तांदळाच्या विरोधात लिहीत होते, प्रयोग करत होते. त्यांच्या डोळ्यांसमोर मधुमेह नव्हता; गावाचा रोजगार आणि अन्नातलं सत्त्व होतं. पण तांदळाचा कोंडा काढला की काय जातं हे त्यांनी वर्ध्याला सांगितलं होतं.

जाडेपणाचा मुद्दा मात्र इथे निराळ्या तऱ्हेने समजून घ्यावा लागतो. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेतील प्रदीप देशमुख, बी. एस. गर्ग आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये वर्ध्याच्या ग्रामीण भागातला एक अभ्यास प्रसिद्ध केला. वजन, कंबर यांचा रक्तदाबाशी काय संबंध आहे ते त्यांनी तपासलं. ही माणसं शहरी मापाने सडपातळच होती, तरी त्यांच्यातही वजन आणि कंबरेचा घेर यांबरोबर दाब चढताना दिसला. म्हणजे पाश्चात्त्य पुस्तकातली ‘जाड’ माणसाची रेघ इथे उपयोगाची नाही, खूप खालून सावध व्हायला हवं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी हीच गोष्ट एका छायाचित्राने जगाला दाखवली. ‘लॅन्सेट’मध्ये २००४ साली छापलेल्या त्या चित्रात ते स्वतः आणि त्यांचे ब्रिटिश मित्र जॉन युडकिन शेजारी शेजारी उभे आहेत. दोघांचा बॉडी मास इंडेक्स एकच, २२.३. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२. पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून चाललेल्या त्यांच्या अभ्यासाने दाखवलं की इथलं बाळ जन्मतः हडकुळं असतं, सरासरी २.७ किलोचं, पण त्याच्या कातडीखालची चरबी मात्र इंग्लंडमधल्या बाळाच्या तोडीची राहते. स्नायू कमी, चरबी तितकीच. आईच्या पोटातच कमी अन्नावर जगायला शिकलेलं हे शरीर पुढे चाळिशीत भरल्या ताटासमोर बसतं, आणि इन्सुलिन कमी पडू लागतं. शेतमजूर बाईला कमी वजनाचं मूल होणं आणि त्या मुलाला पुढे शुगर लागणं या दोन वेगळ्या फायली नाहीत. वर्ध्याच्या पन्नाशीतल्या आजच्या रुग्णांपैकी कितीतरी जण १९७२ च्या दुष्काळाच्या मागेपुढे जन्मलेले आहेत.

तंबाखूबद्दल थोडक्यात. जिल्हा १९७४ पासून दारूबंदीचा आहे; गावठी मिळते हे सगळ्यांना ठाऊक आहे आणि दारूने दाब चढतो हेही खरं. पण इथलं खरं व्यसन खर्रा, म्हणजे घोटलेली तंबाखू-सुपारी. २०१६-१७ च्या पाहणीनुसार महाराष्ट्रात २६.६ टक्के प्रौढ तंबाखू घेतात; ओढणारे एकूण प्रौढांच्या चार टक्क्यांच्या आत आहेत, बाकी सगळे चघळणारे. २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी आली, खर्रा पानठेल्यावर घोटला जातच राहिला. खर्ऱ्याने तोंडाचा कर्करोग होतो हे लोकांना आता माहीत आहे. तो रक्तवाहिन्याही आवळतो हे अजून फारसं कुणी सांगत नाही.

आता मुख्य गोष्ट. आजार किती, यापेक्षा आजारी माणूस कुठवर पोहोचतो, हे पाहायला हवं. वर सांगितलेल्या २०१७-१८ च्या राष्ट्रीय पाहणीत याचे आकडे आहेत, आणि माझ्या मते या साऱ्या विषयातले ते सर्वांत बोलके आकडे आहेत. उच्च रक्तदाब असलेल्या १०० जणांपैकी सुमारे २८ जणांनाच तो आहे हे माहीत होतं. औषध घेणारे १४-१५. दाब ताब्यात असलेले १२-१३. मधुमेहाच्या १०० जणांपैकी ४६ जणांना माहीत होतं, ३६ उपचार घेत होते, आणि साखर ताब्यात होती फक्त १६ जणांची.

दोन्ही ओळी नीट पाहा. दोन्ही आजारांत शेवटी हाती थोडेच लागतात, पण गळती वेगवेगळ्या ठिकाणी आहे. रक्तदाबात ती दारातच आहे. बहात्तर जण आत आलेच नाहीत, त्यांना ठाऊकच नाही. आणि ज्यांनी गोळी सुरू केली त्यांतल्या बहुतेकांचा दाब उतरला. शुगरमध्ये माणूस आत येतो, चिठ्ठी घेतो, गोळ्या खातो, आणि तरी साखर हटत नाही. आपल्याकडे दोन्ही आजारांची नावं एका दमात घेतली जातात, एकाच शिबिरात तपासली जातात, एकाच फलकावर लिहिली जातात. उपाय मात्र एक असून चालणार नाही.

दारातली गळती आधी पाहू. वर्ध्यातल्या बाईच्या दंडाला बीपीचा पट्टा निदान गरोदरपणात तरी लागतो. एएनएम, म्हणजे उपकेंद्रातली नर्स, प्रत्येक तपासणीत दाब मोजते, कार्डावर लिहिते. पुरुषाच्या दंडाला तो लागण्याचं कारणच घडत नाही. ओपीडी सकाळची, त्या वेळी तो वावरात किंवा हिंगणघाटच्या सूतगिरणीत. आशाताई तीस वर्षांवरच्या प्रत्येकाचा ‘सीबॅक’ हा प्राथमिक चाचपणीचा फॉर्म भरते, पण ती घरी येते तेव्हा भेटतात बायका आणि म्हातारे. चाळिशीतला पुरुष सापडत नाही, आणि अर्धांगवायूचा झटका आला की मगच त्याचा दाब पहिल्यांदा मोजला जातो. हा माणूस सापडतो कुठे, तर आठवडी बाजारात, कापसाच्या जिनिंगच्या रांगेत, एसटी स्टँडवर, संध्याकाळी पानठेल्यावर. यंत्र तिथे न्यायला हवं. आज बॅटरीवरचं यंत्र एका पिशवीत मावतं.

दाब न मोजल्याचं मोल काय ते विदर्भातल्याच गडचिरोलीने दाखवलं आहे. ‘सर्च’ संस्थेच्या डॉ. योगेश कालकोंडे आणि सहकाऱ्यांनी ८६ गावांत दोन वर्षं प्रत्येक मृत्यूचं कारण शोधलं. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष धक्का देणारा होता: आदिवासीबहुल, गरीब, ग्रामीण गडचिरोलीत मृत्यूचं पहिल्या क्रमांकाचं कारण होतं पक्षाघात, दर सात मृत्यूंमागे एक. मरणारे बहुतेक जण घरीच गेले. मलेरियाच्या आणि बालमृत्यूच्या जिल्ह्याची ही गत असेल, तर त्याहून वयस्क असलेल्या वर्ध्याने काय समजावं?

शुगरमधली आतली गळती जास्त अवघड आहे. दाब मोजायला पट्टा पुरतो, साखरेला पट्टी लागते आणि पट्टी संपते. गोळीचा डोस वाढवायचा तर आधी तपासणी हवी. तपासणीचा दिवस आणि औषधाचा दिवस वेगळा पडला की मजुरी दोनदा बुडते. बरेच रुग्ण मेटफॉर्मिनच्या पहिल्या डोसवर वर्षानुवर्षं तसेच राहतात. ‘गोड सोडलं’ असं ते प्रामाणिकपणे सांगतात, आणि ताटात भाताचा डोंगर तसाच असतो, कारण भात गोड नसतो. इन्सुलिनला तर मरणाच्या दारातलं औषध समजून टाळलं जातं.

आणि विदर्भात एक अडचण अशी आहे जी पुण्या-मुंबईच्या मार्गदर्शिकेत शोधूनही सापडायची नाही. एचबीए१सी ही तपासणी तांबड्या पेशींतल्या हिमोग्लोबिनला किती साखर चिकटली हे मोजते. विदर्भात सिकलसेलचा दोष असलेली कुटुंबं मोठ्या संख्येने आहेत. सिकलसेलच्या रुग्णाच्या तांबड्या पेशी लवकर मरतात, त्यांना साखर चिकटायला वेळच मिळत नाही, आणि आकडा फसवा कमी येतो. नुसते वाहक असलेल्यांतही काही यंत्रं चुकतात. उलट लोहाच्या कमतरतेने, जी इथल्या बायकांत घरोघर आहे, आकडा फसवा जास्त येऊ शकतो. म्हणून वर्ध्यात केवळ एचबीए१सी पाहून कुणाला मधुमेही ठरवणं किंवा तू बरा आहेस असं सांगणं धोक्याचं आहे. उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची साखर जोडीला हवीच.

उन्हाचंही तसंच. मे महिन्यात इथे पारा ४५ च्या पुढे जातो. उन्हाळ्यात रक्तदाब आपसूक थोडा उतरतो, घामावाटे पाणी आणि मीठ जातं. लघवी वाढवणारी गोळी चालू असलेल्या म्हाताऱ्याला अशा वेळी चक्कर येते, तो गोळी बंद करतो, आणि एकदा बंद केलेली गोळी हिवाळ्यात दाब चढल्यावरही सुरू होत नाही. उन्हाळ्याआधी डोस तपासून घ्या, हे सांगणं साधं आहे. ज्या घरात फ्रिज नाही त्या घरात इन्सुलिनची कुपी नीट झाकून, पाणी लागणार नाही अशी, ओल्या वाळूतल्या मडक्यात ठेवता येते.

सरकारी पातळीवर वर्धा मागे नव्हता. कर्करोग, मधुमेह, हृदयरोग आणि पक्षाघात यांच्यासाठीचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० मध्ये सुरू झाला, तेव्हा महाराष्ट्रातून निवडलेले सहाही जिल्हे विदर्भातले होते आणि वर्धा त्यांतला एक. नोव्हेंबर २०१७ मध्ये भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम सुरू झाला. त्याच्या पहिल्या पाच राज्यांत महाराष्ट्र होता, आणि महाराष्ट्रातले चार जिल्हे होते भंडारा, सातारा, सिंधुदुर्ग आणि वर्धा. या उपक्रमात नवं औषध एकही नव्हतं. सगळ्या केंद्रांत एकच उपचारपद्धती, म्हणजे कोणती गोळी आधी, दाब न उतरल्यास पुढे कोणती, हे ठरलेलं. एका वेळी तीस दिवसांच्या गोळ्या. औषधाचा साठा रुग्णसंख्येवरून मागवायचा. डॉक्टर नसला तरी नर्सने दाब मोजून तीच चिठ्ठी पुढे चालवायची. आणि कोण आलं नाही याची यादी. महाराष्ट्रात त्यासाठी ‘सिम्पल’ नावाचं मोबाइलवरचं अ‍ॅप वापरलं गेलं. पहिल्या टप्प्यातल्या २४ ठिकाणच्या सुमारे २२ हजार रुग्णांचा हिशेब २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला: नोंदणीच्या वेळी २६.३ टक्के लोकांचा दाब ताब्यात होता, पाठपुराव्यात ५९.८ टक्क्यांचा. २०२२ मध्ये या उपक्रमाला संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कार मिळाला, आणि तेव्हा केंद्र सरकारने सांगितलेला औषधाचा खर्च होता एका रुग्णामागे वर्षाला सुमारे २०० रुपये.

दोनशे रुपये. पक्षाघात झालेल्या कर्त्या माणसाला नागपूरला नेताना गाडीभाडंच याच्या दसपट होतं. गरिबाला अर्धांगवायू झाला की घरातली सून किंवा मुलगी मजुरी सोडते, वावर ठोक्याने जातं. हा हिशेब कोणत्याही पाहणीत येत नाही.

वर्ध्यात अशी सामुदायिक जबाबदारी पूर्वी घेतली गेली आहे. सुशीला नायर यांनी १९६९ मध्ये सेवाग्रामला उभं केलेलं वैद्यकीय महाविद्यालय हे देशातलं खेड्यात निघालेलं पहिलं. तिथल्या डॉ. उल्हास जाजू यांनी १९८० च्या सुमारास आसपासच्या गावांत ज्वारीचा आरोग्य विमा चालवला: सुगीत ऐपतीप्रमाणे ज्वारी द्यायची आणि वर्षभर सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात उपचार घ्यायचे. गाव एकत्र बसून हप्ता ठरवत होतं. त्या काळी दुखणी तापाची, बाळंतपणाची, जुलाबाची होती. बीपी-शुगर हे तर त्याहून जास्त गावाने मिळून सांभाळण्यासारखं दुखणं आहे, कारण ते बरं होत नाही आणि रोज आठवण करून द्यावी लागते. गावातल्या दहा रुग्णांनी महिन्याच्या एका दिवशी उपकेंद्रात जमावं, एकमेकांचं कार्ड पाहावं, न आलेल्याच्या घरी जाऊन यावं. कोविडच्या टाळेबंदीत उपकेंद्रांतून आणि आशाताईंच्या हातून घरपोच गोळ्या गेल्या तेव्हा हे जमतं हे दिसलं. नंतर पुन्हा सगळं प्राथमिक आरोग्य केंद्राच्या ओपीडीकडे सरकू नये, उपकेंद्राच्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यापाशीच औषध राहावं, यासाठी जिल्हा परिषदेने आग्रह धरायला हवा.

आणखी एक मागणी. प्रत्येक केंद्राचा तिमाही आकडा, म्हणजे किती नोंदले, किती आले, कितींचा दाब ताब्यात, हा अ‍ॅपमध्ये असतोच. तो त्या त्या गावाच्या ग्रामसभेत वाचला जावा. पाण्याच्या टाकीचा आणि रस्त्याचा हिशेब जसा विचारला जातो तसा हाही विचारला जाईल. रुग्णाचं नाव सांगायची गरज नाही, संख्या पुरे.

न आलेल्यांच्या यादीला हंगाम असणार, हे शेती ओळखणाऱ्या कुणालाही आधीच सांगता येईल. जूनमध्ये पेरणी, ऑक्टोबरात सोयाबीनची सोंगणी, डिसेंबरात कापसाची वेचणी. त्या दिवसांत एक मजुरी सोडून केंद्रावर येणं परवडत नाही. तीस दिवसांची गोळी अशा वेळी अठ्ठाविसाव्या दिवशी संपलेली नसते, पण पस्तिसाव्या दिवशी ती नक्की नसते. ज्यांचा दाब सहा महिने ताब्यात आहे त्यांना सप्टेंबरच्या शेवटीच दोन महिन्यांच्या गोळ्या हातात द्याव्यात. सोंगणी सुरू व्हायच्या आठवडाभर आधी, संध्याकाळी सहानंतर, जेव्हा माणसं घरी परततात, तेव्हा आशाताईने पिशवी घेऊन निघावं. ‘काकाजी, गोळ्या आणल्या, सोडू नका,’ एवढंच सांगून तिला पुढच्या घरी जाता येईल.